अक्षरं पाच, शब्द सत्तावीस अक्षरांचा: लांब इंग्रजी शब्द शोधायचे कसे

कोथरूडच्या एका पालकांचा प्रश्न असा आहे: "मुलगी आठवीत आहे. शाळेतल्या इंग्रजीच्या स्पर्धेत चार-पाच अक्षरं देतात आणि ती सगळी असलेला लांबात लांब इंग्रजी शब्द दहा मिनिटांत शोधायला सांगतात. परवा सी, जी, एच, पी, वाय अशी अक्षरं आली होती. तिनं 'जिऑग्राफी' लिहिलं, त्यात सी नाही म्हणून बाद झालं. मोबाइल जवळ ठेवता येत नाही. डिक्शनरी पाठ करणं एवढाच मार्ग आहे का?"

नाही, पाठांतराची गरज नाही. मी गेली १९ वर्षं सदाशिव पेठेत शाळकरी मुलांसाठी इंग्रजी शब्दखेळांचे वर्ग घेते. येणारी निम्म्याहून जास्त मुलं मराठी माध्यमाची असतात आणि या प्रकारात ती कुठेही मागे पडत नाहीत. तुमच्या मुलीचं उत्तर बाद झालं खरं, पण ती उत्तराच्या उंबरठ्यावर उभी होती. ती कुठे थांबली हे नीट समजलं तर पुढची बरीच कोडी आपोआप सुटतील, म्हणून जरा सविस्तर लिहिते. अक्षरांची नावं मी देवनागरीत देते आहे. शेजारी कागद घेऊन रोमनमध्ये उतरवत गेलात तर पटकन डोळ्यांपुढे येईल.

आधी प्रश्न नक्की कोणता आहे ते पाहू. 'या अक्षरांचा शब्द शोधा' या एका वाक्यात तीन वेगळे खेळ असतात आणि तिन्हींची रीत वेगळी. पहिला: दिलेली अक्षरं शब्दात असलीच पाहिजेत, बाकी हवी ती आणा. तुमच्या मुलीचा हा. दुसरा: दिलेल्या अक्षरांबाहेरचं एकही वापरायचं नाही, स्क्रॅबल या अक्षरांच्या सोंगट्या पाटावर लावून शब्द करायच्या खेळासारखं. तिसरा: अक्षरं दिलेल्या क्रमानंच यायला हवीत. पहिल्यात शब्द वाढवत न्यायचा असतो, दुसऱ्यात असलेलं सामान पुन्हा पुन्हा मांडून बघायचं असतं, तिसऱ्यात दोरा ओवायचा असतो. मुलं गोंधळतात ती इथेच. पाच अक्षरं दिली की पाच-सहा अक्षरांचाच शब्द शोधत बसतात, जणू बाहेरून काही आणायला बंदी आहे.

आता तुमच्या मुलीचं उत्तर हातात घेऊ. जिऑग्राफी म्हणजे जी-ई-ओ-जी-आर-ए-पी-एच-वाय, नऊ अक्षरं. पाचांपैकी चार त्यात आहेत, फक्त सी नाही. आता शेवटचा वाय काढा आणि तिथे आय-सी लावा. 'जिऑग्राफिक' झालं, दहा अक्षरं. सी आला, पण वाय गेला. इथे मुलं हिरमुसतात आणि शब्द सोडून देतात. सोडायचा नाही. पुढे ए-एल लावा: 'जिऑग्राफिकल', बारा अक्षरं. त्यापुढे एल-वाय: 'जिऑग्राफिकली', चौदा अक्षरं. गेलेला वाय परत आला आणि पाचही अक्षरं जागेवर बसली. नवा शब्द शोधावाच लागला नाही. तिच्याकडे असलेल्या शब्दाचं शेपूट तेवढं बदललं.

वर्गात आम्ही त्याला शेपूटच म्हणतो. इंग्रजीतले दहा-बारा अक्षरांपुढचे बहुतेक शब्द जोडून जोडून झालेले असतात: पुढे एक डोकं, मध्ये धड, मागे एक किंवा दोन-तीन शेपट्या. आपल्याला हे नवं नाही. 'घर' ला 'घरासमोरच्यांनासुद्धा' पर्यंत ताणणारी आपली भाषा. फक्त मराठी बोलताना प्रत्यय लावतो आहोत हे जाणवत नाही, आणि इंग्रजी शब्द मात्र आपण अख्खाच्या अख्खा गिळलेला असतो. 'जिऑग्राफी' हा शाळेच्या वेळापत्रकातला एक विषय म्हणून डोक्यात बसलेला असतो. जिओ, ग्राफ आणि वाय असे तीन तुकडे म्हणून नाही.

तुकडे दिसायला लागले की पुढचं काम सोपं. 'ग्राफिकली' हा मागचा तुकडा हाताशी आहे. त्यात जी, पी, एच, सी, वाय ही पाचही अक्षरं आधीच आहेत, मग पुढे डोकं कोणतंही चालेल. बायो लावा: बायोग्राफिकली, चौदा. त्याच्याही पुढे ऑटो: ऑटोबायोग्राफिकली, अठरा. फोटो लावलं तर फोटोग्राफिकली, सोळा. क्रिप्टो लावलं तर क्रिप्टोग्राफिकली, सतरा. आणि दवाखान्यात ज्याला ईईजी म्हणतात, मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख, त्याचं पूर्ण नाव मुलांना फोडून दाखवते: इलेक्ट्रो म्हणजे विजेचं, एन्सेफॅलो म्हणजे मेंदूचं, ग्राफ म्हणजे रेखणं. त्याला तेच शेपूट लावलं की इलेक्ट्रोएन्सेफॅलोग्राफिकली, सत्तावीस अक्षरं. मोठ्या कोशांमध्ये हा शब्द आहे. मुलीला हा शब्द 'पाठ' करायला सांगू नका. सात, नऊ, पाच आणि सहा अक्षरांचे चार तुकडे करून दाखवा, एका संध्याकाळीत तिचा होईल.

आता हे तुकडे शोधायचे कुठून? इथे मी ज्या क्रमानं विचार करते तो सांगते. दिलेल्या अक्षरांमधलं सगळ्यात नाठाळ अक्षर आधी धरायचं. ई, ए, टी, आर, एन, एस, आय, ओ ही अक्षरं लांब शब्दात कुठूनतरी येऊन बसतातच, त्यांची काळजी करू नका. कोणतं अक्षर किती दुर्मीळ हे स्क्रॅबलच्या डब्यात छान दिसतं. आल्फ्रेड बट्स नावाच्या अमेरिकन वास्तुविशारदानं १९३० च्या दशकातल्या मंदीत काम गेल्यावर वर्तमानपत्रातली अक्षरं मोजून तो खेळ बेतला. त्यात ई च्या १२ सोंगट्या आहेत, ए आणि आय च्या ९-९, पण क्यू, झेड, जे, एक्स आणि के ची एकेकच. तेव्हा के दिसला की त्याच्यापासून सुरुवात करायची. ई कडे बघायचंसुद्धा नाही.

नाठाळ अक्षर शब्दाचं कुळही सांगतं. 'क्ष' किंवा 'ज्ञ' दिसला की शब्द बहुधा संस्कृतातून आलेला असणार हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही, तसंच इथे. पी आणि एच जोडीनं, त्यात वाय किंवा सीएच असेल, तर शब्द बहुधा ग्रीक कुळातला. मग ग्राफ, लॉजी, फोटो, सायको, हायपर, क्रिप्टो ही मंडळी आठवायची. व्ही, क्यू, जे असेल तर लॅटिन: मागे इव्ह, इव्हिटी, एबिलिटी आणि पुढे सब, ऑब, कॉन, इंटर. जे तर लांब शब्दात बहुतेकदा अशा एखाद्या डोक्याच्या मागेच उभा असतो: सब्जेक्ट, ऑब्जेक्ट, कॉन्जंक्शन, ॲडजस्टमेंट, प्रेज्युडिस. डब्ल्यू आणि के ही दोघं मात्र जुन्या इंग्रजीतली, गावची माणसं. ग्रीक-लॅटिन शेपट्या त्यांना सहसा लागत नाहीत. तिथे दोन साधे शब्द एकमेकांना चिकटवून मागे नेस, शिप, हूड किंवा वर्ड लावायचं, कधी मूळचं लॅटिन असलेलं मेंटही. ट्रस्ट आणि वर्दी मिळून ट्रस्टवर्दीनेस, पंधरा अक्षरं. स्ट्रेट, फॉरवर्ड आणि नेस मिळून स्ट्रेटफॉरवर्डनेस, एकोणीस. के आणि डब्ल्यू दोन्ही एकदम आले तर मी आधी 'नॉलेज' बघते, कारण त्यातून ॲक्नॉलेजमेंट निघतं, जी नंतरचा ई ठेवून लिहिलं तर पंधरा अक्षरांचं. त्याचं स्पेलिंग त्या ई शिवायही चालतं, मग एक अक्षर कमी. लांबी मोजायच्या खेळात एवढ्याशा फरकानं नंबर जातो.

झेड आला तर आनंद मानायचा. आपल्या शाळांमध्ये बहुतेक ठिकाणी एस घालून आय-एस-ई असं लिहायला शिकवतात, त्यामुळे मुलांना झेड म्हटलं की झेब्राच आठवतो. पण आय-झेड-ई आणि आय-झेड-ए-टी-आय-ओ-एन हेही स्पेलिंग बरोबर आहे. ऑक्सफर्डचे कोश तर झेडवालं रूपच आधी देतात. म्हणजे झेड मिळताच मागे सात अक्षरांचं शेपूट फुकटात. सी, एच, टी, झेड अशी अक्षरं दिली होती तेव्हा माझ्या वर्गातल्या सातवीतल्या एका मुलानं 'कॅरेक्टर' ला हे शेपूट लावून सोळा अक्षरांचं कॅरेक्टरायझेशन काढलं. दोन्ही तुकडे त्याला आधीपासून माहीत होते.

एक अडचण खास आपली, म्हणजे मराठीत विचार करणाऱ्यांची, आणि तिच्याकडे कुणी फारसं लक्ष देत नाही. आपली लिपी कानाच्या मागून चालते. 'फ' ऐकला की फ लिहितो. त्यामुळे आपण शब्द कानानं शोधतो. समोर पी आणि एच ठेवले की मूल मनात 'प' आणि 'ह' असे दोन आवाज घोळवतं आणि त्या आवाजांचे शब्द आठवू लागतं. 'फ' त्याच्या मनात येतच नाही, आणि सगळे फोटो, ग्राफ, फोन बाहेर राहतात. पी दिला असताना 'सायकॉलॉजी' सुचत नाही, कारण कानाला त्यात पी ऐकूच येत नाही. खरं तर पी-एस-वाय-सी-एच या सुरुवातीतच तुमच्या पाचांपैकी पी, वाय, सी, एच ही चार अक्षरं आहेत, आणि जी पुढे लॉजीत आहे! सायकॉलॉजी दहा अक्षरांचं, सायकॉलॉजिकली पंधरा. 'बी यू टी बट, पी यू टी पुट' असं घोकत आपण सगळे शाळा शिकलो, म्हणजे इंग्रजी स्पेलिंगवर कानाचा भरवसा ठेवता येत नाही हे आपल्याला पहिलीपासून ठाऊक आहे. पण शोधताना आपण पुन्हा कानाकडेच वळतो.

यावर माझा उपाय असा की मुकी अक्षरं वेगळी शिकवायची. सुरुवातीच्या पी-एस आणि पी-एन मधला पी, के-एन मधला के, जी-एन मधला जी, आर-एच मधला एच, शेवटच्या एम-बी मधला बी, आणि जी-एच-टी मधली जी-एच ही जोडगोळी. तसंच 'शन' हा आवाज मनातून पुसायचा आणि त्या जागी टी-आय-ओ-एन हे चित्र बसवायचं. वर्गात मी जुन्या लग्नपत्रिका कापून जाड पट्ट्या करते आणि प्रत्येक पट्टीवर एक तुकडा लिहिते. एक अक्षर नव्हे, तुकडा. लाल स्केचपेननं शेपट्या, निळ्यानं डोकी. मुलं त्या तोंडानं म्हणत नाहीत. टेबलावर सरकवून एकमेकींना जोडतात. दोन-तीन महिन्यांत डोळ्यांना सवय होते आणि मग पट्ट्या लागत नाहीत.

दुसऱ्या खेळाकडे वळू, कारण शाळांच्या स्पर्धांत तोही येतो: दिलेली अक्षरंच वापरायची. इथे सगळे क्रम लावून बघू म्हटलं तर निभाव लागत नाही. सात वेगळ्या अक्षरांचे ५,०४० क्रम होतात, नऊ अक्षरांचे ३,६२,८८०. दर सेकंदाला एक क्रम बघितला तरी नऊ अक्षरांना चार दिवस-रात्र पुरणार नाहीत. म्हणून इथेही शेपूट आधी बाजूला काढायचं आणि उरलेल्यांकडे बघायचं. फरक इतकाच की एक शेपूट काढून जमलं नाही तर ते परत टाकून दुसरं काढायचं, आणि हे न चिडता करायचं.

एक उदाहरण पाहा. अक्षरं नऊ: ए, सी, डी, ई, आय, एन, ओ, टी, यू. टी-आय-ओ-एन डोळ्यांत भरतं. ते बाजूला काढा, उरले ए, सी, डी, ई, यू. त्यातून ई-डी-यू-सी-ए जुळतं आणि 'एज्युकेशन' मिळतं. जवळपास सगळी मुलं इथे पेन खाली ठेवतात. आता टी-आय-ओ-एन परत मिसळा आणि फक्त ई-डी बाजूला काढा. उरले ए, सी, आय, एन, ओ, टी, यू. त्यातून 'ऑक्शन' होतं, म्हणजे 'ऑक्शन्ड'. आणि 'कॉशन' होतं, म्हणजे 'कॉशन्ड'. त्याच नऊ अक्षरांचे तीन शब्द. एका शेपटीला चिकटून बसलेल्याला पहिलाच मिळाला. हात सैल ठेवणाऱ्याला तिन्ही. मला स्वतःला हे तिन्ही एकत्र दिसले त्या दिवशीचा आनंद अजून आठवतो. मी तेव्हा कॉलेजात होते आणि वहीचं ते पान अजून जपून ठेवलं आहे.

स्क्रॅबल खेळणारे यासाठी सहा अक्षरांचे काही संच डोक्यात ठेवतात. आर-ई-टी-आय-एन-ए, म्हणजे 'रेटिना', हा त्यातला एक. त्यात एस मिळाला की नास्टिअर, रिटेन्स, स्टेनर असे कितीतरी सात अक्षरी शब्द होतात, आणि हातातल्या सातही सोंगट्या एकदम लावल्या की ५० गुण जादा. पण पाटाला एका ओळीत घरंच १५ असतात, तेव्हा सत्तावीस अक्षरांची हौस तिथे भागत नाही.

तिसरा खेळ, क्रमाचा, मी वर्गात घेत नाही, रस्त्यात घेते. सिग्नलला थांबलं की समोरच्या गाडीची पाटी वाचायची. पुण्याची गाडी असली की एमएच १२, पिंपरी-चिंचवडची असली की एमएच १४, पुढे मालिकेची दोन अक्षरं. म्हणजे चार अक्षरं फुकट. कर्वे रोडवर एकदा रिक्षेच्या पाटीवर एम, एच, एन, टी आली. याच क्रमानं ओवायची. 'मर्चंट' लगेच मिळालं: एम, मग एच, मग एन, मग टी. त्याला एबिलिटी लावलं की मर्चंटेबिलिटी, पंधरा अक्षरं. शेजारी बसलेल्या माझ्या भाचीनं 'मेकॅनिक' धरला आणि नळस्टॉपपर्यंत मेकॅनिस्टिकली काढलं, तेही पंधरा. क्रम सांभाळायचा असला की नियम एकच: शेवटची दोन अक्षरं शेपटीत ढकलता येतात का ते आधी बघायचं.

आता मोबाइल आणि कॉम्प्युटर. स्पर्धेत चालत नाही, घरी सरावाला जरूर चालवा. अशी यंत्रं जादू करत नाहीत. त्यांच्याकडे शब्दांची यादी असते. प्रत्येक शब्द घ्यायचा, दिलेली सगळी अक्षरं त्यात आहेत का बघायचं, असतील तर ठेवायचा, आणि शेवटी लांबीनुसार लावायचं. तुमच्या घरात कुणी थोडं प्रोग्रामिंग करत असेल तर पाच-सहा ओळींचं काम आहे. गूगल शीट्समध्येही जमतं. मात्र तीच अक्षरं दोनदा दिली असतील, समजा दोन एस, तर 'आहे का' एवढं विचारून भागत नाही. 'किती वेळा आहे' ते मोजावं लागतं. घरी केलेल्या अशा प्रोग्रामांत ही चूक हमखास असते. दुसऱ्या खेळासाठी युक्ती वेगळी: प्रत्येक शब्दाची अक्षरं वर्णक्रमानं लावून ठेवायची. एज्युकेशन, ऑक्शन्ड, कॉशन्ड, तिन्हींचं रूप ए-सी-डी-ई-आय-एन-ओ-टी-यू असं एकच होतं आणि ते तिघे आपोआप एका गठ्ठ्यात पडतात. मुलांनाही मी वहीत असंच लिहायला लावते.

यादी कोणती हे मात्र बघून घ्या. ॲपलच्या मॅक कॉम्प्युटरमध्ये आधीपासून असलेली शब्दांची यादी १९३४ च्या वेबस्टरच्या कोशावरून केलेली आहे, सव्वादोन लाखांहून जास्त शब्दांची, पण तिच्यात साधी अनेकवचनंसुद्धा बऱ्याचदा नसतात आणि आज कुणी वापरत नाही असे शब्द भरपूर असतात. आपल्याकडच्या स्क्रॅबल स्पर्धांत कॉलिन्स या कोश-प्रकाशकांची यादी चालते, तिच्यात पावणेतीन लाखांवर शब्द आहेत. छापील कोश पहिल्या अक्षरानं लावलेला असतो, त्यामुळे मधली अक्षरं माहीत असून तो उघडायचा कुठे हेच कळत नाही. शेपटीवरून शोधायची गरज जुनीच आहे. जॉन वॉकर नावाच्या इंग्रज कोशकारानं १७७५ मध्येच शब्द शेवटच्या अक्षरापासून उलटे लावून इंग्रजी कोश छापला होता, यमकं जुळवणाऱ्यांच्या सोयीसाठी. तुमच्या मुलीनं स्वतःची एक वही तशी करावी असं मी सुचवेन: पान शेपटीचं, खाली तिला भेटलेले शब्द. छापील यादीचा तितका उपयोग होत नाही, स्वतः लिहिलेलीच लक्षात राहते.

सरावाचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी दहा मिनिटं कागद-पेन्सिल, मग यंत्राची यादी. यादीतला सगळ्यात लांब शब्द बघून थक्क होऊन वही मिटायची नाही. आपल्याला माहीत असलेले पण न सुचलेले शब्द शोधून त्यांच्यावर खूण करायची आणि ते का सुचले नाहीत ते बघायचं. शेपूट विसरलं, मुकं अक्षर सुटलं, की कुळ ओळखलं नाही? महिन्याभरात तिचं तिलाच कळेल की आपण कुठे अडतो.

मुलं हटकून विचारतात म्हणून आणखी एक. इंग्रजीतला प्रसिद्ध पंचेचाळीस अक्षरी शब्द, न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस, पाठ केला की काम झालं असं त्यांना वाटतं. तो १९३५ च्या सुमारास अमेरिकेतल्या कोडेप्रेमींच्या संघटनेच्या अध्यक्षांनी, एव्हरेट स्मिथ यांनी, मुद्दाम लांब व्हावा म्हणून घडवलेला शब्द. पण त्यातली वेगवेगळी अक्षरं मोजा: फक्त चौदा. जी नाही, एच नाही, वाय नाही. म्हणजे तुमच्या मुलीच्या पाच अक्षरांपुढे तो कामाचाच नाही. याउलट 'अनकॉपीराइटेबल' पंधरा अक्षरांचा आणि पंधराही वेगळी; 'डर्मॅटोग्लिफिक्स', बोटांवरच्या रेषांचा अभ्यास, तोही तसाच. दोन्हींत सी, जी, एच, पी, वाय पाचही आहेत! असे 'गच्च भरलेले' शब्द दहा-पंधरा जवळ असावेत. अक्षरं जास्त दिली आणि वेळ कमी असला की तेच तारतात.

हे सगळं केलं तरी एक गोष्ट तुमच्या हातात नसते, ती म्हणजे परीक्षकांचा कोश. काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीनं आंतरशालेय स्पर्धेत बरोबर असाच क्रियाविशेषणाचा लांब शब्द लिहिला. परीक्षकांकडे खिशातला छोटा कोश होता. त्यात असे शब्द वेगळे देत नाहीत. फार तर मूळ शब्दाच्या नोंदीच्या शेवटी ठळक अक्षरांत असतात, कधी तेही नाही. शब्द 'नाही' ठरला आणि ती रडत घरी गेली. मला तेव्हा जे वाईट वाटलं ते अजून गेलेलं नाही, कारण तिचं काहीच चुकलं नव्हतं. विचारायला हवं होतं ते मी. तेव्हापासून मी स्पर्धेआधी आयोजकांना लेखी विचारते: कोश कोणता, आवृत्ती कोणती, एल-वाय आणि नेस लावलेली रूपं धरणार का, आणि अमेरिकन स्पेलिंग चालेल का. तुम्हीही विचारा. अनकॉपीराइटेबलसारखा शब्द काही कोशांत आहे, काहींत नाही, तेव्हा ही माहिती असल्याशिवाय कोणता शब्द लिहावा हे कुणीच सांगू शकणार नाही. आणि उत्तर माहीत नसेल तर सुरक्षित शब्द आधी लिहून ठेवायचा, मग धाडसाचा. शेपट्या जोडता येतात म्हणून कागदावर काहीही जोडता येतं, पण कोशात नसेल तर तो शब्द नव्हे, हे मुलीला सुरुवातीलाच बजावून ठेवा.

आज संध्याकाळी तिला ही चार अक्षरं द्या: जे, बी, व्ही, वाय. क्रम कोणताही, बाहेरची अक्षरं चालतील, वेळ दहा मिनिटं. जे आधी धरायला सांगा आणि त्याच्या पुढे कोणतं डोकं बसतं ते बघू द्या. अकरा अक्षरांचा शब्द तिला मिळेलच, बारा अक्षरांचाही मिळेल. मग त्या बाराच्या पुढे आणखी एक पाच अक्षरांचं डोकं लागतं आणि सतरा होतात. ते डोकं वर मी लिहिलेलंच आहे. उत्तर मुद्दाम देत नाही. ती कुठपर्यंत पोचली ते नक्की कळवा.